मलकुल मौत : दूत, निमित्त आणि आपले वाचन

१

गरुड आणि पाखराची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी कीर्तनात, नाहीतर आजीच्या तोंडून ऐकलेली असते. वैकुंठाच्या दाराशी बसलेल्या एका लहानशा पाखराकडे यमधर्म आत जाता जाता रोखून पाहतो. पाखरू थरथर कापू लागते. गरुडाला दया येते आणि तो त्याला पंखांवर घेऊन दूरच्या एका डोंगरावर सुखरूप ठेवून येतो. बाहेर आल्यावर यम विचारतो, ते पाखरू कुठे गेले? त्याचा मृत्यू थोड्याच वेळात त्या दूरच्या डोंगरावर लिहिलेला होता, आणि इवल्या पंखांनी ते तिथवर पोहोचणार कसे, याचेच त्याला नवल वाटत होते. कीर्तनकार येथे क्षणभर थांबतात, व्हायचे ते टळत नाही असे सांगतात आणि कथा पुढे नेतात.

हीच गोष्ट इस्लामी परंपरेत मलकुल मौत, म्हणजे मृत्यूचा दूत, याच्या नावे सांगितली जाते. तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप मौलाना जलालुद्दीन रूमी (१२०७-१२७३) यांच्या मसनवीत आहे. तेथील निष्कर्षही आपण तोच समजतो. आमचे म्हणणे असे की हे वाचन अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाने आपले दुहेरी नुकसान होते. एका थोर ग्रंथाचा अर्थ हातून निसटतो, आणि ज्या शेजाऱ्यांत आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली त्यांच्या दुःखाची भाषा आपल्याला परकी राहते.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याचे कारण घरगुती आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या घरातील एक वडीलधारे माणूस गेले. हैदराबादेतल्या कितीतरी घरांप्रमाणे आम्हीही पुढचे अनेक महिने एकाच हिशेबात घालवले. दोन दिवस आधी नेले असते तर? दुसऱ्या दवाखान्यात खाट मिळाली असती तर? त्या दिवसांत शेजारचे एक वृद्ध गृहस्थ समाचाराला आले आणि जाताना दारात थांबून एवढेच म्हणाले, “बेटा, बुख़ार तो बहाना था.” आम्हाला त्या वेळी ते वाक्य बोचले. मराठीत बहाणा म्हणजे खोटी सबब. पुष्कळ उशिरा लक्षात आले की त्यांच्या तोंडी तो शब्द आपल्या ‘निमित्त’ या शब्दाच्या जागी होता. मरणाला निमित्त लागते, असे आपणही म्हणतोच. त्या एका शब्दामागे केवढी मोठी साहित्यपरंपरा उभी आहे, हे शोधू लागल्यावर आम्ही मसनवीपाशी पोहोचलो.

२

प्रथम या दूताची ओळख मूळ ग्रंथांच्या आधारे करून घेऊ. कुराणात त्याचा उल्लेख मलकुल मौत या पदानेच येतो. इज्राईल हे नाव कुराणात नाही. ते नंतरच्या परंपरेने रूढ केले. बत्तिसाव्या सूरेत सांगितले आहे की तुमच्यासाठी नेमलेला मृत्यूचा दूत तुमचे प्राण काढून घेईल. सहाव्या सूरेत मात्र हेच काम अनेक दूत करतात, आणि एकोणचाळिसाव्या सूरेत प्राण घेणारा स्वतः अल्ला आहे. इतकेच नव्हे, तर झोपेतही तो आत्मे आपल्याकडे घेतो आणि ज्यांची मुदत उरली आहे त्यांचे परत पाठवतो. एकाच कृतीचे हे तीन कर्ते पाहून वाचक क्षणभर गोंधळतो. भाष्यकारांनी मेळ असा घातला की आज्ञा अल्लाची, काम त्या दूताचे, आणि बाकीचे दूत त्याचे साहाय्यक. हा खुलासा समाधानकारक आहेच. पण साहित्याच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे ती मूळ ग्रंथातली मोकळीक. मारणारा नेमका कोण, हा प्रश्न तेथे उघडा राहिला आणि पुढच्या कथाकारांनी त्याच फटीतून प्रवेश केला.

मृत्यूचा क्षण कुराणाने अतिशय जवळून पाहिला आहे. छपन्नाव्या सूरेत प्राण कंठाशी आले आहेत, भोवती माणसे पाहत उभी आहेत, आणि अल्ला सांगतो की त्या क्षणी आम्ही त्याच्या तुमच्याहून निकट असतो, परंतु तुम्हाला ते दिसत नाही. पंचाहत्तराव्या सूरेत प्राण गळ्याच्या हाडांशी येऊन ठेपतात आणि कुणी मंत्र-उपचार करणारा आहे का, अशी विचारणा होते. रात्री रुग्णाच्या उशाशी बसलेल्या कोणालाही ही धांदल ओळखीची वाटेल.

हदीस वाङ्मयात हा प्रसंग विस्ताराने येतो. अल-बरा इब्न आझिब यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या प्रसिद्ध हदीसेत श्रद्धावानाच्या अंतकाळी सूर्यासारख्या तेजस्वी मुखांचे दूत येतात, मलकुल मौत उशाशी बसतो, आणि पखालीच्या तोंडातून पाण्याचा थेंब ओघळावा तसा आत्मा अलगद बाहेर येतो. दुर्जनाचा आत्मा मात्र ओल्या लोकरीतून काटेरी सळई ओढून काढावी तसा निघतो. दोन्ही उपमा रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या आहेत. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या चाळीस प्रकरणांच्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण मृत्यू व मरणोत्तर अवस्था यांवरच आहे. त्यात पैगंबर इब्राहीम मलकुल मौताला विनंती करतात की दुर्जनाचे प्राण घेतानाचे तुझे रूप दाखव. ते पाहून इब्राहीम मूर्च्छित होतात, आणि सावध झाल्यावर म्हणतात की पाप्याला दुसरी कोणतीही शिक्षा नसली तरी हे दर्शन पुरेसे आहे. मग सज्जनाच्या वेळचे रूप दाखवले जाते, तर समोर एक देखणा तरुण उभा. दूत एकच आहे. तो कसा दिसेल हे पाहणाऱ्याच्या आयुष्यावर अवलंबून आहे.

येथे आपल्या भाषेतील एका सवयीला हरकत घेणे आवश्यक वाटते. मलकुल मौतासाठी मराठीत सर्रास यम किंवा यमदूत हा शब्द वापरला जातो. आपला यम हा राजा आहे, धर्मराज आहे, न्यायाधीश आहे. त्याची नगरी आहे आणि त्याचा चित्रगुप्त हिशेब ठेवतो. मलकुल मौताकडे यांतले काहीच नाही. न्याय अल्लाचा, आणि तोही अखेरच्या दिवशीचा. माणसाच्या कर्मांची नोंद ठेवणारे लेखक-दूत, किरामन कातिबीन, निराळे. कबरीत प्रश्न विचारणारे मुनकर आणि नकीर निराळे. कयामतीची तुतारी फुंकणारा इस्राफील निराळा. मलकुल मौताचे काम एकच, नेमून दिलेल्या वेळी प्राण ताब्यात घेणे. एवढेच नव्हे, तर परंपरेतील एका आख्यानानुसार सर्व जीव संपल्यावर शेवटी त्यालाही मरावे लागते. यमदूत म्हणावे तर पाश, मुद्गर आणि नरकयातना यांची आपली सगळी चित्रे त्याला चिकटतात. म्हणून मृत्युदूत हाच शब्द आम्हाला बरा वाटतो. फिरिश्ता या फार्सी शब्दाचा मूळ अर्थही पाठवलेला, धाडलेला असाच आहे. विजापूरच्या आदिलशाहीत राहून इतिहास लिहिणारा फेरिस्ता आपल्या इतिहासवाचकांना परिचित आहे. त्याच्या नावाचा हा अर्थ मात्र सहसा कोणी सांगत नाही.

३

आता सुलेमानच्या दरबारातील कथा पाहू. मसनवीच्या पहिल्या दफ्तरात ती मोजक्या ओळींत येते. एक गृहस्थ सकाळी धावतपळत सुलेमानच्या न्यायसभेत शिरतो. चेहरा भीतीने पिवळा पडलेला, ओठ निळे. तो सांगतो, इज्राईलने माझ्याकडे अशा रागीट नजरेने पाहिले की काही विचारू नका. वाऱ्याला आज्ञा करा आणि मला हिंदुस्थानात पोहोचवा, तिथे तरी जीव वाचेल. वारा सुलेमानच्या आज्ञेत होता. त्या गृहस्थाला तो थेट हिंदुस्थानात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सुलेमान इज्राईलला जाब विचारतो, त्या भल्या माणसाकडे रागाने पाहून त्याला घरादारापासून का पळवलेस? इज्राईल उत्तर देतो, मी रागाने पाहिलेच नाही. मी आश्चर्याने पाहिले. आजच हिंदुस्थानात याचे प्राण घे, अशी मला आज्ञा होती, आणि शंभर पंख फुटले तरी हा आज तिथे पोहोचणार नाही, असे मनात येत होते.

या कथेची एक जुनी बहीण बॅबिलोनी तालमूदच्या सुक्का या भागात आहे. तेथे सॉलोमनला मृत्युदूत उदास दिसतो, कारण दरबारातील दोन लेखनिकांना नेण्याचा हुकूम झालेला आहे. त्यांना वाचवण्यासाठी सॉलोमन त्यांना लूझ नगरीकडे धाडतो, कारण त्या नगरीत मृत्युदूताची सत्ता चालत नाही. लूझपाशी पोहोचताच ते दोघे मरतात, आणि दुसऱ्या दिवशी मृत्युदूत आनंदी दिसतो. एक धाकटी बहीण इंग्रजीत आहे. सॉमरसेट मॉम यांच्या १९३३ च्या ‘शेप्पी’ या नाटकात ती येते, आणि पुढच्याच वर्षी जॉन ओहारा यांच्या कादंबरीला तिने सामारा हे नाव दिले. तेथे बगदादच्या एका व्यापाऱ्याचा नोकर बाजारात स्त्रीरूपातील मृत्यूला पाहून घोड्यावरून सामाऱ्याला पळतो. मृत्यूची आणि त्याची गाठ त्या रात्री सामाऱ्यातच ठरलेली असते.

चारही कथांचा सांगाडा एक आहे, म्हणून त्या एकच गोष्ट सांगतात असे मानण्याचा मोह होतो. पण मारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले की फरक दिसू लागतो. तालमूदमधील दूत आधी दुःखी आहे आणि काम उरकल्यावर खूश आहे; त्याला निकालाशी कर्तव्य आहे. मॉम यांच्या कथेत आज्ञा देणारा कोणी उरलेलाच नाही. मृत्यू स्वतःच आपल्या भेटीची वेळ ठरवतो आणि स्वतःच ती सांगतो. दूताचा मालक झाला आहे. गरुडाच्या कथेतील यमाला नवल वाटते खरे, परंतु तो अधिकारी आहे, आणि कीर्तनात त्याच्या नवलाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. रूमींच्या कथेत मात्र ते आश्चर्य हाच गाभा आहे. इज्राईलला आज्ञा ठाऊक आहे, ती कशी पार पडणार हे ठाऊक नाही. तोही आपल्यासारखाच अर्धी हकीकत जाणतो. त्या माणसाने अज्ञानी नवलाला राग समजण्याची चूक केली, आणि त्या चुकीनेच तो नेमक्या जागी पोहोचला.

४

गोष्ट येथवरच वाचली तर दैववादाचा निष्कर्ष अटळ वाटतो. परंतु मसनवीत ही कथा कोण सांगते, हा प्रश्न समीक्षेने विचारायलाच हवा, आणि आमच्या समजुतीप्रमाणे सारा अर्थ त्यावर फिरतो.

ही कथा रूमी स्वतःच्या तोंडून सांगत नाहीत. ती येते सिंह आणि रानातील पशूंच्या वादात. हा सिंह आपल्या पंचतंत्रातला. सहाव्या शतकात पंचतंत्र पहलवीत गेले, आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फाने त्याला ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आणले, आणि या गोष्टीसाठी रूमी वाचकाला स्वतःच कलीलाकडे बोट दाखवतात. पंचतंत्रात पशू सिंहाशी करार करतात की आम्ही रोज एक प्राणी पाठवू, तू शिकार थांबव. रूमींनी या कराराआधी एक लांबलचक वाद घातला आहे. पशू म्हणतात, तू धडपड कशाला करतोस? देवावर भरवसा ठेव, तुझा वाटा तुला मिळेल. सिंह म्हणतो, भरवसा ठेवावाच, पण उंटाचा गुडघाही बांधावा. ही उपमा पैगंबरांच्या एका प्रसिद्ध वचनातून आलेली आहे. वाद रंगतो, आणि भरवशाच्या बाजूचा पुरावा म्हणून पशू सुलेमान व इज्राईल यांची कथा सांगतात. तिचा अर्थही तेच लावतात. दारिद्र्याची भीती ही त्या माणसाच्या भीतीसारखी आहे, आणि हाव व धडपड म्हणजे त्याचा हिंदुस्थान.

थोडक्यात, आपण ज्याला या कथेचे तात्पर्य समजतो ते वादातील एका पक्षाचे म्हणणे आहे. तो पक्षही निरपेक्ष नाही, कारण सिंहाने शिकार सोडावी यात पशूंचा जीव अडकलेला आहे. मरणाला भिणारेच येथे मरणाला भिऊ नये असा उपदेश करत आहेत. सिंह लगेच पुन्हा प्रयत्नाचा पक्ष मांडतो, आणि वादाचा शेवट काय होतो? सिंहाच्या प्रमाणांपुढे दैववादी निरुत्तर होतात. कोल्हा, हरीण, ससा, सारे आपला वाद सोडून देतात. मसनवीत तसे स्पष्ट म्हटले आहे. ही कथा सांगणारे पशू वाद हरतात.

आणि तरीही सिंह जिंकत नाही. पुढे ससा येतो. तो दैवावर विसंबून बसत नाही. युक्ती लढवतो, उशिरा जातो, सिंहाला विहिरीपाशी नेतो आणि त्याचेच प्रतिबिंब दाखवून त्याला बुडवतो. प्रयत्नवादी सिंहाचा अंत दुसऱ्याच्या प्रयत्नाने होतो. दैव आणि प्रयत्न यांतील एकाच्या गळ्यात माळ घालून मोकळे होणे रूमींना मान्य नाही. त्यांच्या रचनेत प्रत्येक कथा पुढच्या कथेकडून तपासली जाते. आपल्याकडील निरूपणाची परंपरा ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्यांना ही पद्धत परकी वाटू नये. एकनाथी भागवताचा वाचक एका दृष्टांताशी थांबत नाही. पुढचा दृष्टांत येईपर्यंत धीर धरतो. मसनवीतून ही एक कथा उचलून सुभाषितासारखी वापरण्यात आपण तोच धीर सोडला.

जाता जाता एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. चौकटीची कथा हिंदुस्थानातून तिकडे गेली, आणि तिच्या पोटातल्या कथेतला माणूस जीव वाचवण्यासाठी हिंदुस्थानात आला.

५

मृत्युदूताविषयी रूमींचे स्वतःचे म्हणणे शोधायचे तर पाचव्या दफ्तराकडे जावे लागते. तेथील कथा तबरी (मृत्यू ९२३) यांच्या इतिहासातही आढळते. आदमला घडवण्यासाठी पृथ्वीवरून मूठभर माती आणायची आहे. जिब्राईल जातो; पृथ्वी देवाची शपथ घालून दयेची याचना करते; तो रिकाम्या हाताने परततो. मीकाईलचेही तेच होते. रूमी यांत इस्राफीलची आणखी एक फेरी घालतात. शेवटी इज्राईल जातो. पृथ्वी रडते, परंतु तो आज्ञा मोडत नाही. माती घेऊन येतो. तेव्हा देव त्याला सांगतो की यापुढे प्राण घेण्याचे काम तुझे.

म्हणजे जीवनाची माती आणणारा आणि जीवन परत नेणारा एकच. आणि हे काम त्याला क्रौर्यामुळे मिळाले नाही, आज्ञापालनामुळे मिळाले. मात्र नेमणूक होताच इज्राईल तक्रार करतो की लोक माझा द्वेष करतील, मला शत्रू समजतील. देव उत्तर देतो, मी कारणे निर्माण करीन. ताप, पोटशूळ, मेंदूचा विकार, भाल्याचा घाव. लोकांची नजर त्यांच्याकडे वळेल, तुझ्याकडे येणार नाही. आमच्या शेजाऱ्यांचा ‘बहाना’ तो हाच.

महाभारत वाचलेल्यांना येथे थबकल्यासारखे होईल. शांतिपर्वात, आणि प्रचलित प्रतींच्या द्रोणपर्वातही, ब्रह्मदेव मृत्यू नावाची स्त्री निर्माण करतो आणि प्रजेचा संहार करण्याची आज्ञा देतो. ती रडते, नकार देते, दीर्घ तप करते, पापाला भिते. अखेर ब्रह्मदेव सांगतो की तुझे हे अश्रूच व्याधी होतील, त्या माणसांना मारतील, आणि तुला अधर्म लागणार नाही. अनुशासनपर्वातील गौतमीच्या आख्यानातही दोष असाच सरकत जातो. मुलाला सर्प डसतो. सर्प म्हणतो, मला मृत्यूने प्रेरिले; मृत्यू म्हणतो, मला काळाने; आणि काळ कर्माकडे बोट दाखवतो. एका परंपरेने दुसरीपासून घेतले असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही, त्याची गरजही नाही. दोन दूरच्या संस्कृतींना मारणाऱ्याच्या मनातील अवघडलेपणाची कल्पना करावीशी वाटली, आणि दोघींनी रोगांना त्याच्या व माणसांच्या मधे उभे केले, हे साम्यच पुरेसे बोलके आहे.

फरकही तितकाच बोलका आहे. महाभारतातील मृत्यू दोषमुक्त होते आणि कथा संपते. रूमींचा इज्राईल मात्र पुढे एक शंका काढतो. कारणांचा पडदा फाडून पलीकडे पाहणारे लोकही आहेत, ते मला ओळखतील, त्यांचे काय? यावरचे उत्तर हा आमच्या मते या सबंध परंपरेचा कळस आहे. देव म्हणतो, जो मुळापर्यंत पाहतो तो मधे तुला कशाला पाहील? सामान्यांपासून तू रोगांच्या आड लपला आहेस. डोळस माणसाच्या लेखी तूही एक पडदाच आहेस. ताप हे मृत्युदूताचे निमित्त, आणि मृत्युदूत हेही निमित्तच. कुराणातील तीन कर्त्यांचा जो गुंता भाष्यकारांनी अधिकारांची उतरंड लावून सोडवला, तो कवीने दृष्टीच्या पायऱ्या लावून सोडवला.

अशा माणसांना मरण कडू लागत नाही, असेही रूमी सांगतात. १७ डिसेंबर १२७३ रोजी कोन्या येथे ते वारले. त्यांच्या अनुयायांनी त्या रात्रीला विवाहाची रात्र मानले. आपण गावोगावच्या दर्ग्यांच्या जत्रेला उरूस म्हणतो. त्या मूळ अरबी शब्दाचा अर्थही विवाहच. मयत, हयात, वारस, कबर हे शब्द तर आपण घरचे म्हणूनच वापरतो. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या आमच्या पिढीतील निवृत्तांना त्या शब्दाचे माहेर आठवतही नाही.

६

या विचारावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. निमित्ताची ही भाषा निष्काळजीपणाला आयती ढाल देत नाही काय? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत देशात कितीतरी रुग्ण प्राणवायू मिळाला नाही म्हणून गेले. ज्यांच्यावर पुरवठ्याची जबाबदारी होती त्यांनी बुखार तो बहाना था असे म्हटले असते, तर तो शब्द आपल्या मराठी अर्थानेच खरा ठरला असता, शुद्ध बहाणा म्हणून. तेव्हा हे वाक्य कोणाच्या तोंडी शोभते, हा प्रश्न टाळता येत नाही.

आमच्या मते उत्तर मसनवीतच आहे. वाद चालू असताना, हातात काही करण्यासारखे असताना, सिंहाचे ऐकावे. उंटाचा गुडघा बांधावा. पाचव्या दफ्तरातील संवाद वेगळ्या वेळेसाठी आहे. माणूस गेल्यावर मागे राहिलेला स्वतःलाच दोष देत बसतो, त्याच्यासाठी तो आहे. पहिले वचन कर्त्याला सांगायचे, दुसरे शोकाकुलाला. दोन्हींची अदलाबदल केली की एकाचा आळस होतो आणि दुसऱ्याचे क्रौर्य होते. आपल्या कीर्तनातील गरुडाच्या कथेबद्दल आमची तक्रार एवढीच आहे की ती हा भेद करत नाही. गरुडाने पाखराला उचलले ती दया व्यर्थ गेली, असा सूर तिच्यात लागतो. आम्हाला वाटते, गरुडाने उचलले हे योग्यच केले. सुलेमानचा वाराही चुकला नाही.

मरणाशी झगडण्याची मुभा ही परंपरा किती देते, याचे प्रमाण एका हदीसेत आहे. बुखारी व मुस्लिम या दोन्ही प्रमाणभूत संग्रहांत ती आढळते. मलकुल मौत पैगंबर मूसांकडे येतो, तर मूसा त्याला थप्पड मारतात आणि त्याचा डोळा जायबंदी होतो. दूत परत जाऊन गाऱ्हाणे घालतो की मरू न इच्छिणाऱ्याकडे मला पाठवलेत. देव मूसांना शिक्षा करत नाही. दूताचा डोळा बरा करतो आणि निरोप धाडतो की बैलाच्या पाठीवर हात ठेव, हाताखाली जितके केस येतील तितकी वर्षे तुझी. मूसा विचारतात, त्यानंतर काय? त्यानंतर मरणच. मग आताच येऊ दे, असे मूसा म्हणतात. आपली सावित्री यमाला बोलण्यात जिंकते, नचिकेता त्याच्याकडून ज्ञान मिळवतो. मूसा आधी हात उगारतात आणि मग स्वतःच्या निर्णयाने होकार देतात. या तिघांना एका ओळीत बसवून पाहण्याचे काम मराठी समीक्षेने अजून पुरेसे केलेले नाही.

ते करण्यासाठी आपल्याइतके सोयीच्या जागी दुसरे कोण आहे? १९४८ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात आमच्या आजोबांच्या पिढीतील अनेकांचे शिक्षण उर्दूतून झाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू होते. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्यांनी त्या ज्ञानाचे सोने केले आणि सूफी संप्रदाय व उर्दू कवी मराठीत आणले. त्याही आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत ‘योगसंग्राम’ लिहून गेले, आणि बीदरकडचे शाह मुंतोजी मराठी रचना करताना मृत्युंजय हे नाव लावून गेले. दोन पिढ्यांत ती लिपी आपल्या घरांतून गेली. जुन्या कपाटांतील फार्सी-उर्दू पुस्तके आपण रद्दीत घातली, आणि शेजारी काय म्हणाला हे कळायला आम्हाला कित्येक महिने लागले.

ते गृहस्थ पुढे फार दिवस राहिले नाहीत. त्यांच्या घरी समाचाराला गेलो तेव्हा त्यांचा मुलगा आमच्यासारखाच बोलत होता; दोन दिवस आधी नेले असते तर, म्हणत होता. त्यांचेच वाक्य त्याला परत द्यावे असे फार वाटले. पण ते आमच्या तोंडून निघाले नाही. उच्चार चुकेल अशी भीती वाटली. आम्ही मराठीतच म्हणालो, निमित्त झाले. त्याला ते कळले.